सहाध्यायी-अध्यापन : चर्चा, प्रश्न आणि परीक्षा

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या आणि १९९७ मध्ये ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ या पुस्तकात मांडलेल्या अध्यापनपद्धतीचा विचार बहुधा ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ या एकाच अंगाने केला जातो. या पद्धतीचे मर्म मात्र प्रश्नांच्या निवडीत आणि परीक्षेच्या स्वरूपात आहे.

पद्धतीचा उगम एका अपेक्षाभंगात आहे. डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बलविषयक चाचणी माझूर यांनी आपल्या वर्गाला दिली. अवजड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाल्यास कोण कोणावर अधिक बल लावते, अशा स्वरूपाचे साधे प्रश्न तीत होते. न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असलेले, अवघड उदाहरणे सोडविणारे विद्यार्थी तेथे अडखळले. उत्तरे शिकविल्याप्रमाणे लिहायची की स्वतःला वाटते तशी, असा प्रश्नही वर्गातून आला. सूत्र येणे आणि संकल्पना समजणे यांतील अंतर त्या प्रश्नाने उघड केले.

यावर माझूर यांनी योजलेला उपाय साधा आहे. विद्यार्थ्याने पाठ आधी वाचून यावा. वर्गात अल्प विवेचनानंतर एक संकल्पनात्मक प्रश्न विचारावा. प्रत्येकाने प्रथम स्वतंत्र उत्तर द्यावे, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा उत्तर द्यावे. प्रश्न फार सोपा असेल तर वाद होत नाही. फार कठीण असेल तर वादाला आधार उरत नाही.

चर्चेत दुर्बल विद्यार्थी हुशारांचे अनुकरण करतात, हा आक्षेप २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील अभ्यासाने बराच सैल केला. आरंभी कोणालाही उत्तर ठाऊक नसलेल्या गटांतील विद्यार्थ्यांचीही चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरील नव्या प्रश्नात प्रगती दिसली. रिचर्ड हेक यांच्या १९९८ मधील ६२ अभ्यासक्रमांच्या पाहणीत संभाव्य प्रगतीपैकी प्रत्यक्ष साधलेला सरासरी अंश पारंपरिक वर्गांत ०.२३, तर सहभागप्रधान वर्गांत ०.४८ होता. ही माहिती अध्यापकांनी स्वेच्छेने पुरविलेली असल्याने तुलना पूर्णतः निरपेक्ष म्हणता येत नाही, शिवाय ०.४८ याचा अर्थ निम्म्याहून अधिक प्रगती साधायची राहिली असाही होतो.

अधिक मूलभूत मर्यादा परीक्षेची आहे. माझूर यांनी परीक्षेतही संकल्पनात्मक प्रश्न घातले, कारण प्रश्नपत्रिका त्यांच्या हाती होती. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत अंतिम प्रश्नपत्रिका बहुधा विद्यापीठाची असते. वर्गात ‘का’ विचारावयाचे आणि परीक्षेत ‘व्याख्या लिहा’ म्हणावयाचे, या विसंगतीत विद्यार्थी परीक्षेचीच बाजू घेणार. तो त्याचा आळस नव्हे, व्यवहारज्ञान आहे.

म्हणून अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण महाविद्यालयाकडे असतात, तेथून आरंभ करणे युक्त ठरते. त्या गुणांपैकी काही जरी ‘कारण सांगा’ या प्रश्नासाठी खर्च झाले, तरी वर्गातील चर्चेला अर्थ येईल. परीक्षा तशीच ठेवून केवळ चर्चा आणल्यास वर्ग गजबजेल. आकलन मात्र होते तेथेच राहील.