वकिलाचा ग्रंथ आणि लेकीचा हट्ट

परवा लेक म्हणाली, "बाबा, मला संगीतात संशोधन करायचंय." आपण सारेच विचारतो ते मीही विचारलं, "आणि पोट कसं भरणार?" मग पं. भातखंड्यांची मराठी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' पुन्हा काढली.

लेखक पेशाने वकील! मांडणी गुरु-शिष्य संवादाची. शिष्य शंका काढतो आणि गुरु 'परंपरा आहे' म्हणून वेळ मारून नेत नाही, हे या ग्रंथाचं मोठेपण. खटकतात ते उस्तादांवरचे ताशेरे. ज्यांच्याकडून बंदिशी मिळवल्या, त्यांनाच शास्त्र कळत नाही, हा सूर बरा नव्हे. शिवाय दहा ठाटांत सगळे राग नीट बसतही नाहीत.

पण याच ठाटांची चिकित्सा करणारा नझीर जैराजभॉय यांचा ग्रंथ १९७१ साली लंडनला निघाला. ते इथल्याच 'सोआस'मध्ये शिकवत. म्हणजे एका वकिलाचा ध्यास पुढे विद्यापीठात पगारी विषय झाला. अशा जागा मोजक्याच, हेही खरं.

तरी लेकीला 'हो' म्हटलं. प्रश्न भातखंड्यांसारखे विचार. पण गाणाऱ्यांसमोर बसशील तेव्हा आधी नीट ऐक, एवढंच सांगितलं.