उत्तर बरोबर, उकल अपुरी : गूढ शब्दकोडे आणि कूट अभंगांचे अर्थविवरण

प्रस्तावना

इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी ही दोन तीर्थक्षेत्रे आहेत आणि त्यांच्या आसपास आज पिंपरी-चिंचवड व चाकणचा औद्योगिक पट्टा पसरला आहे. या परिसराशी जोडलेल्या संतवाङ्मयात कूट अभंगांचा एक लहान पण लक्षणीय गट आहे. वर्गात हे अभंग शिकवताना बहुधा फळ्यावर दोन रकाने पाडले जातात : डावीकडे अभंगातील प्रतिमा, उजवीकडे तिचा 'अर्थ'. विद्यार्थी तो तक्ता उतरवून घेतो आणि परीक्षेत लिहितो. या पद्धतीने कूट खरोखर उकलले जाते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या तपासणीसाठी एक अनपेक्षित निकष वापरला आहे, तो म्हणजे गूढ शब्दकोडे सोडविण्याचा आणि त्याची उकल सांगण्याचा.

गूढ शब्दकोड्याची शिस्त

शब्दकोड्याचा आधुनिक प्रकार आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रथम सादर केला. त्यातून इंग्लंडमध्ये गूढ शब्दकोडे विकसित झाले. 'टाइम्स'चे शब्दकोडे १९३० साली सुरू झाले. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडे बहुधा समानार्थी शब्दावर किंवा सामान्यज्ञानावर चालते. गूढ कोड्यातील सूचनेचे मात्र दोन भाग असतात. एक भाग उत्तराची सरळ व्याख्या देतो, दुसरा भाग उत्तरातील अक्षरांची जुळणी सांगतो. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येतात तेव्हाच उत्तर सिद्ध होते. सूचनेचा दर्शनी अर्थ फसवा असला तरी चालेल, परंतु तिच्या शब्दांनी दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे तत्त्व 'ॲफ्रिट' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या रिची यांनी १९४९ साली मांडले. 'झिमेनीज' या नावाने लिहिणाऱ्या मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्याला नियमांची बैठक दिली. सूचनेतील एकही शब्द निष्कारण नसावा, हा त्या नियमांचा गाभा आहे.

ही शिस्त मराठीत कशी उतरते, हे पाहण्यासाठी नमुन्यादाखल दोन सूचना रचता येतील. पहिली : 'पिंपरी-चिंचवडचे उपनगर आणि सोबती (३)'. येथे 'आणि' हे केवळ जोडणारे अव्यय वाटते, पण उत्तराचा पहिला तुकडा तेच आहे. आणि म्हणजे 'नि', सोबती म्हणजे 'गडी', म्हणून उत्तर निगडी.

दुसरी सूचना : 'बोलीतल्या चहानंतर दाणा मिळणारे मोटारउद्योगाचे ठिकाण (३)'. मोटारउद्योग हा शब्द दिसताच वाचक 'चाकण' हे उत्तर देईल. कारण विचारल्यास मोटारीला 'चाक' असते आणि ते या नावात आहे, असेही सांगेल. उत्तर बरोबर आहे, उकल चुकलेली आहे. या स्पष्टीकरणात 'ण' शिल्लक राहतो, आणि चहा व दाणा यांना काही कामच उरत नाही. खरी उकल 'चा' अधिक 'कण' अशी आहे. बरोबर उत्तर हे बरोबर उकलीचे प्रमाण नव्हे, हा मुद्दा पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

येथे भाषेचा एक विशेषही ध्यानात येतो. मराठी कोड्याच्या घरात स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर बसते. 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम' झाल्याची वाल्मीकीची कथा सर्वतोमुखी आहे. तिचे मर्मही अक्षर हेच एकक धरल्यावर उलगडते. म्हणजे या खेळाची सामग्री मराठीला परकी नाही.

परंपरेतील विचार

भारतीय काव्यशास्त्राने हा विषय दुर्लक्षिलेला नाही. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पदांच्या संधीमुळे अर्थ झाकणारी समागता, रूढ अर्थाने चकवणारी वंचिता, गणनेतून बुद्धीला गोंधळात टाकणारी संख्याता असे ते प्रकार आहेत. 'चा' आणि 'कण' यांचा सांधा झाकणारी वरील सूचना समागतेच्या जवळची आहे. सदोष प्रहेलिकांचीही दंडीने दखल घेतली आहे, यावरून कूटरचनेत न्याय्य-अन्याय्य असा भेद त्याला मान्य होता असे म्हणता येते.

याउलट, शास्त्राप्रमाणे केवळ व्याख्येनेच कळणारे काव्य हा फक्त बुद्धिमंतांचा उत्सव ठरतो, असा आक्षेप भामहाने घेतला. विश्वनाथाने तर प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकार मानण्यास नकार दिला. हे आक्षेप कूट अभंगांना लागू पडतात का, हे अभंगांकडे पाहूनच ठरवावे लागेल.

दोन अभंगांची तपासणी

मुक्ताबाईच्या प्रसिद्ध अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. वांझेला पुत्र होतो. विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पायी मस्तक ठेवतो. माशीच्या पोटी घार जन्मते. हे पाहून मुक्ताबाई हसते. मुंगी ही जीवाची वा सूक्ष्म वृत्तीची खूण मानून केलेली विवरणे प्रचलित आहेत आणि त्यांचे अंतिम उत्तर अद्वैतानुभव असे येते. ते उत्तर अमान्य करण्याचे कारण नाही. प्रश्न उकलीचा आहे. एकेका प्रतिमेला एकेक तात्त्विक संज्ञा चिकटवली की प्रतिमांमधील परस्परसंबंध नाहीसा होतो. मुंगी आणि सूर्य, विंचू आणि शेष, माशी आणि घार या तिन्ही जोड्यांत क्षुद्राने थोराला मागे टाकले आहे, आणि वांझेच्या पुत्राने अशक्याची परिसीमा गाठली आहे. अभंगाची किल्ली या पुनरावृत्त उलटापालटीत आहे, सुट्या संज्ञांत नाही. शेवटच्या हसण्याला तर तक्त्यात रकानाच नसतो. व्यवहाराची मोजमापे कोसळताना पाहणाऱ्या मुक्त मनाचा तो प्रतिसाद आहे. तो वगळणारी उकल म्हणजे 'ण' शिल्लक ठेवणारी उकल होय.

ज्ञानदेवांच्या नावावरील दुसऱ्या अभंगात काट्याच्या टोकावर तीन गावे वसतात. दोन ओसाड असतात, तिसरे वसलेलेच नसते. त्या न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात आणि साखळी पुढे चालू राहते. 'तीन' या संख्येला त्रिगुणांशी जोडणारे विवरण सर्वपरिचित आहे. त्याने संख्येचा हिशेब लागतो. पण प्रत्येक पायरी नेमकी 'नसलेल्या' तिसऱ्यावरच का उभी राहते, याचा हिशेब लागत नाही. नसलेल्यातून नसलेले वाढत जाणे, हीच येथे प्रपंचाच्या मिथ्यात्वाची रचना आहे. आशय सांगण्याऐवजी तो रचनेतून घडविला आहे.

निकषाची मर्यादा

हा निकष आंधळेपणाने लावता येणार नाही. शब्दकोड्याचे उत्तर सूचनेतच असते. उपरोक्त दुसरा अभंग मात्र हा अनुभव सद्गुरूवाचून कळणार नाही असे सांगून संपतो, म्हणजे उत्तराचा अंतिम पुरावा तो शब्दांबाहेर ठेवतो. सुटलेले कोडे संपते, उमगलेला अभंग पुन्हा म्हणावासा वाटतो. म्हणूनच विश्वनाथाचा आक्षेप येथे पूर्णपणे लागू होत नाही. मुक्ताबाईच्या अभंगातील विस्मय हा उकलीतील अडथळा नसून स्वतःच आस्वाद्य आहे. कीर्तनातील निरूपणालाही हा निकष लावणे योग्य नव्हे, कारण त्याचे प्रयोजन श्रद्धेचे दृढीकरण हे आहे. वर्गातील अध्यापनाचे प्रयोजन वाचन शिकविणे हे असते, आणि तेथे शब्दांचा हिशेब मागणे गैर ठरत नाही.

निष्कर्ष

तक्त्याच्या पद्धतीत उत्तर आधीच ठरलेले असते आणि अभंगातील शब्द त्याच्या सोयीने वाकवले जातात. त्यामुळे कोणत्याही कूट अभंगाचे उत्तर एकच निघते आणि अभंग एकमेकांपासून वेगळे राहत नाहीत. गूढ शब्दकोड्याची शिस्त याउलट चालते. ती उत्तराइतकेच त्याच्या वाटेला महत्त्व देते आणि एकही शब्द वाया जाऊ देत नाही. कूट अभंग शिकवताना 'याचा अर्थ काय' या प्रश्नासोबत 'तुमच्या अर्थात कोणता शब्द शिल्लक राहिला' हा प्रश्नही विचारला गेला, तर विद्यार्थी अर्थ उतरवून घेण्याऐवजी अभंग वाचू लागेल.