लाल हौद आणि काळी भिंत

मंडळी, आजचं व्याख्यान ज्वालामुखीवर आहे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, ते मी न विचारता सांगतो. शंकूसारखा डोंगर, खाली लाल रंगाचा हौद, हौदातून वर निघालेली एक नळी आणि टोकाला धूर. पुस्तकांत, शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत, मोबाईलवरच्या व्हिडिओंत हेच चित्र असतं. फळ्यावर मीही ते काढलेलं आहे. आज मला त्याच चित्रावर टीका करायची आहे, कारण पेण-रोह्याच्या माणसाला ते स्वतःची जमीन बघू देत नाही.

पहिली चूक हौदाच्या रंगात आहे. जमिनीखाली सगळीकडे वितळलेला रस खदखदतोय, असं त्या चित्रावरून वाटतं. तसं नाही. भूकवचाखालचं प्रावरण हे घन आहे, खडक आहे. तापमान हजार अंशांच्या वर असूनही तो वितळत नाही, कारण वरून दाब प्रचंड. घरातला कुकर आठवा. आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी दाबामुळे उकळत नाही. वाफ सोडली, दाब उतरला, की लगेच उकळी फुटते. प्रावरणातला तापलेला खडक हळूहळू वर सरकतो, दाब कमी होतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. थोडाच हं, सगळा नाही! कणांच्या फटींतून झिरपत तो रस एकत्र येतो. भोवतीच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते. चित्रातला रस कुठे थांबत नाही. हौदातून थेट आकाशात. खरा शिलारस वाटेत रेंगाळतो, थंड होतो, त्यात स्फटिक वाढतात, आजूबाजूचा खडक तो थोडाफार पोटात घेतो. याचा पुरावा पाहायला हवाईला जायला नको. कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याचं नाव मिळालेला एक लाव्हाथर आहे. त्याच्यात फेल्डस्पारचे काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक दिसतात. कसारा घाटातही तसा थर आहे. एवढे स्फटिक वाढायला रस खोलवर बराच काळ थांबलेला असावा लागतो. खंडाळ्याकडचे ‘बुशे’ नावाचे थर घ्या. त्यांच्या रसायनात खंडाच्या जुन्या खडकांची भेसळ ठळक आहे, म्हणजे तो रस येताना कवच चाखून आला. शास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना नेरळ, पोलादपूर अशी आपल्याच जिल्ह्यातली नावं दिलीत. आणि आपल्या मुलांना उदाहरण काय माहीत? फुजियामा!

आता शंकू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जे घडलं, त्यातला बहुतेक लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे. म्हणून “अवचितगड म्हणजे विझलेला ज्वालामुखी का हो?” या प्रश्नाला माझं उत्तर, नाही. तो लाव्हाच्या थरांचा झिजून उरलेला तुकडा आहे.

मग रस वर आला ती वाट कुठेय? नळी शोधू नका, भिंत शोधा. किनाऱ्याच्या या पट्ट्यात, साधारण उत्तर-दक्षिण, काळ्या कातळाच्या उभ्या भिंती थरांना छेदून जातात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. रसाने स्वतःच्या दाबाने खडक फाडला आणि त्या फटीतच तो गोठला. कडेला झटकन निवाला म्हणून तिथे दाणा बारीक, मध्ये सावकाश निवाला म्हणून जाड. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जे. बी. ऑडन (कवी ऑडनचे थोरले बंधू) यांनी 1949 साली पश्चिम भारतातल्या या भिंतींवर लिहिलं आणि त्यांचा लाव्हाशी संबंध तपासला. प्रत्येक भिंतीने लाव्हा वर पोचवला असं मात्र समजू नका. काहींचा रस वाटेतच थिजला, आणि काही भिंती थर साचल्यानंतरच्या आहेत. पनवेलपासून दक्षिणेकडे हेच थर पश्चिमेला कललेले दिसतात, घाटमाथ्यावर मात्र जवळजवळ आडवे.

अशी भिंत तयार होताना आपल्या हयातीत पाहायला मिळाली. नोव्हेंबर 2023 मध्ये आइसलँडच्या ग्रिंडाविक गावाखाली काही तासांत सुमारे 15 किलोमीटर लांबीची फट रसाने भरली. भूकंपांची माळ लागली, गाव रिकामं केलं, आणि उद्रेक झाला तो डिसेंबरात.

हे सगळं कळून करायचं काय? एक तर घाबरणं थांबेल. रोह्याहून पालीकडे गेलं की उन्हेरेचे गरम झरे आहेत. खाली हौद आहे असं मानणारा म्हणतो, “इथे ज्वालामुखी जागा होतोय.” ते पाणी भेगांतून खोल उतरून, जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेने तापून परत वर येतं, शिलारस लागत नाही. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून धक्के बसू लागले, तेव्हाही लोक ज्वालामुखीचंच विचारत होते. तो लाल हौद माणसाला रात्री घराबाहेर झोपायला लावतो, हा माझा त्याच्यावरचा खरा राग आहे.

दुसरं, विहीर. अखंड डाइक जमिनीखालचं पाणी बांधासारखं अडवते, भेगाळलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते. विहिरीची जागा ठरवताना आधी ही काळी रेघ कुठून जाते ते पाहा, ती कापून पाहा, कोणत्या बाजूला ओल आहे ते बघा. पुढच्या वेळी तुमच्या शेतातला तसा एखादा दगड घेऊन या, कडेचा एक आणि मधला एक. दोन्ही भिंगाखाली ठेवू.