'सखाराम बाइंडर' : व्यक्तिरेखेची नैतिक गुंतागुंत

प्रास्ताविक :
व्यक्तिचित्रणाचे विवेचन करताना पात्राच्या गुणदोषांची यादी करण्याची पद्धत मराठीच्या अध्यापनात रूढ आहे. दोन्ही बाजूंना नोंदी झाल्या की पात्र 'गुंतागुंतीचे' ठरते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडलेली सपाट आणि गोलाकार पात्रांची विभागणीही बहुधा याच अर्थाने वापरली जाते. तथापि गुणांत दोष मिसळल्याने पात्र संमिश्र होते. नैतिकदृष्ट्या गुंतागुंतीचे होतेच असे नाही. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'मधील सुधाकराचे व्यसन त्याच्या मानी स्वभावातून सुरू होते, हे खरे. परंतु नाटकाचा रोख दारूवरच राहतो. दारू वजा केली, तर उरणारा सुधाकर सज्जन आहे. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकात अशी वजाबाकी करता येत नाही.

सखारामचा खरेपणा :
छापखान्यात बाइंडिंगचे काम करणारा सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना घरी आणतो. लग्न मात्र करत नाही. घरात शब्द त्याचा चालेल, पटले नाही तर तिने खुशाल जावे, हे तो प्रथमच स्पष्ट सांगतो. लग्नाच्या आडोशाने बायकोला छळणाऱ्या प्रतिष्ठितांपुढे हा खरेपणा उजवा वाटतो. परंतु तोच त्याचे हत्यारही आहे. अटी आधी सांगितल्या होत्या, एवढ्यावर त्याच्या लेखी मारहाणही रास्त ठरते. जिला दुसरे दारच नाही तिच्या होकाराला संमती म्हणता येईल काय, हा प्रश्न त्याच्या हिशेबात नाही. गणपतीच्या आरतीत दाऊद सामील होतो तेव्हा लक्ष्मी हरकत घेते. सखाराम मुसलमान मित्राच्या बाजूने उभा राहतो आणि लक्ष्मीला मारतो. धर्मभेद झुगारणे आणि स्त्रीवर हात उचलणे या येथे दोन वेगळ्या कृती नाहीत. प्रेक्षकाला त्याच्या बाजूने आणि त्याच्या विरोधात एकाच वेळी उभे राहावे लागते.

लक्ष्मी आणि चंपा :
हेच सूत्र लक्ष्मीलाही लागू पडते. मुंगीशी मायेने बोलणारी, देवभोळी लक्ष्मी सखारामला मनोमन पती मानते. ही निष्ठाच तिला चंपा आणि दाऊद यांचे संबंध सखारामला सांगण्यास प्रवृत्त करते. चंपाचा खून झाल्यावर सखाराम सुन्न होतो. प्रेत पुरण्यासाठी लक्ष्मीच पुढे सरसावते. पापपुण्याची तिची श्रद्धा येथे ढळलेली नसते. उलट त्या श्रद्धेच्याच बळावर ती हे करू शकते. याउलट शिवराळ, दारू पिणारी चंपा आसरा मागत परतलेल्या लक्ष्मीला घरात राहू देते. तिचे हे औदार्यच तिच्या मृत्यूचे निमित्त ठरते.

आक्षेप आणि मर्यादा :
१९७२ मध्ये नाट्यपरिनिरीक्षण मंडळाने या नाटकाला हरकत घेतली. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात दाद मागावी लागली आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला. मंडळाची भूमिका काटछाटीची होती. आक्षेपार्ह तेवढे वगळावे. ही कात्री आणि गुणदोषांची यादी यांमागील गृहीत एकच आहे : माणसातील वाईट भाग सुटा करता येतो. नेमके हेच गृहीत नाटक मोडीत काढते.

अर्थात, अशा वाचनात एक धोका संभवतो. 'गुंतागुंत' हा शब्द क्षमेचा पर्याय होऊ शकतो. सखारामला समजून घेताना चंपाचा खून दुय्यम ठरला, तर ते वाचनच सदोष म्हणावे लागेल. नाटक कारणे दाखवते. परंतु कारणे दाखविणे म्हणजे जबाबदारी माफ करणे नव्हे.

निष्कर्ष :
व्यक्तिरेखेत चांगले आणि वाईट किती, यावरून तिची नैतिक गुंतागुंत ठरत नाही. तिचा जो गुण वाचकाला जवळचा वाटतो, त्याच गुणातून दुसऱ्याचे अहित घडते काय, आणि तरीही त्या कृतीचे उत्तरदायित्व तिच्याकडेच राहते काय, हे दोन प्रश्न निर्णायक आहेत. सखाराम आणि लक्ष्मी या दोन्ही कसोट्यांना उतरतात. वर्गात या नाटकाची चर्चा करताना गुणदोषांच्या यादीऐवजी हे प्रश्न विचारले गेले, तर विद्यार्थ्याला पात्राबरोबर स्वतःच्या न्यायबुद्धीचीही तपासणी करावी लागेल.