गटकार्य आणि श्रमविभागणी : भाषिक क्षेत्रकार्याच्या संदर्भात

विद्यापीठीय अध्यापनात ‘गटकार्य’ हा शब्द सर्रास योजला जातो. परंतु सहकार्य आणि श्रमविभागणी यांतील भेद त्यात बहुधा पुसला जातो. चौघांनी विषयाचे चार भाग वाटून घ्यावेत आणि अखेरीस ते एका मुखपृष्ठाखाली बांधावेत, यास सहकारी अध्ययन म्हणणे युक्त नव्हे. मॉर्टन डॉइच यांच्या १९४९ च्या उपपत्तीनुसार एकाचे साध्य इतरांच्या साध्याशी निगडित असणे, हा सहकार्याचा मूलभूत निकष होय.

एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिन येथील शाळांत योजलेली ‘जिगसॉ’ पद्धती हा निकष पाळते. तीत प्रत्येक विद्यार्थी पाठाचा एक अंश आत्मसात करून तो इतरांस शिकवितो. मात्र पूर्ण पाठ शिक्षकापाशी आधीच सिद्ध असतो, हे तिचे गृहीत आहे. संशोधनात असा सिद्ध पाठ नसतो. तेथे एकाने चुकीचा टिपलेला अंश इतर तिघे निमूटपणे शिकतात.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यातील नमुने स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत ठिकठिकाणांहून जमविलेले होते. विस्ताराच्या दृष्टीने ते कार्य अजोड आहे. परंतु एकाच वक्त्याचे बोलणे दोघांनी स्वतंत्रपणे टिपून ताडून पाहण्याची सोय त्या योजनेत नव्हती.

ठाण्यातील टेंभी नाक्यावर १८७९ मध्ये बांधलेले ‘शाअर हाशामाईम’ हे मराठीभाषक बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे. आगरी आणि कोळी बोलीही याच परिसरातल्या. येथे पाहणी करताना प्रत्येक विद्यार्थ्यास एकेक समाज नेमून देणे सोपे आहे; पण त्यातून चार स्वतंत्र टिपणेच हाती येतील. त्याऐवजी एकाच आगरी वक्त्याचे बोलणे दोघांनी परस्परांची वही न पाहता टिपावे. वक्ता ‘पानी’ म्हणत असता प्रमाणभाषेला सरावलेला विद्यार्थी सवयीने ‘पाणी’ लिहितो. त्याच्या सोबत्याच्या वहीत ‘पानी’ असेल तरच हा दोष उघड होतो. मग वक्त्याकडे पुन्हा जाणे दोघांसही भाग पडते.

सहकार्याचे खरे फळ या मतभेदात आहे. म्हणून गुणदान केवळ अंतिम प्रबंधिकेस न करता दोन्ही मूळ वह्या, त्यांतील तफावत आणि तिचा निर्णय कसा झाला याची नोंद, यांसही करावे. तसे न केल्यास विद्यार्थी लिहिण्यापूर्वीच एकमत करून मोकळे होतील आणि वक्त्याचा उच्चार कोणाच्याच वहीत उरणार नाही.