आरोग्यसेवेतील सामायिक नेतृत्व : कामाची वाटणी आणि निर्णयाची वाटणी

प्रास्ताविक

आरोग्यसेवा हे एकट्या व्यक्तीचे कार्य राहिलेले नाही. शस्त्रक्रियागृहात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका व तंत्रज्ञ एकाच रुग्णासाठी काम करतात. ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्या कामाची साखळी असते. अशा संघाचे नेतृत्व एकाच पदाकडे न राहता प्रसंगानुरूप सदस्यांमध्ये विभागले जावे, हा विचार 'सामायिक नेतृत्व' या नावाने व्यवस्थापनशास्त्रातून आरोग्यक्षेत्रात आला आहे. हा विचार आकर्षक आहे. परंतु त्याची चिकित्सा पुरेशी झालेली नाही. सामायिक नेतृत्वाच्या नावाखाली प्रत्यक्षात कामाची वाटणी होते, निर्णयाची मात्र होतेच असे नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संकल्पना आणि तिच्या मर्यादा

क्रेग पिअर्स व जे काँगर यांनी २००३ मध्ये संपादित केलेल्या 'शेअर्ड लीडरशिप' या ग्रंथाने या संकल्पनेला सैद्धांतिक बैठक दिली. गटातील व्यक्तींनी समान उद्दिष्टासाठी परस्परांवर प्रभाव टाकत एकमेकांना दिशा देणे, असा तिचा आशय आहे. एमी एडमंडसन यांचे संशोधन याला पूरक ठरते. रुग्णालयातील औषधविषयक चुकांचा त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या संघात चुका कमी आढळतील, ही त्यामागील अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा संघांत नोंदलेल्या चुका अधिक आढळल्या. तेथे चुका अधिक होत नव्हत्या. त्या सांगण्याची भीती कमी होती. यातूनच पुढे 'मानसिक सुरक्षितता' ही त्यांची मांडणी विकसित झाली.

या मांडणीचे मोल निर्विवाद आहे. तथापि, संघातील सदस्य ज्ञानाने वेगळे असले तरी प्रतिष्ठेने साधारण समान असतात, असे तिच्यात बऱ्याच अंशी गृहीत धरले जाते. भारतीय आरोग्यसंघात ही समानता नसते. पदवी, वेतन, लिंग, जात आणि भाषा यांची उतरंड संघ तयार होण्यापूर्वीच अस्तित्वात असते. परिचारिकेने डॉक्टरांना थांबवावे, असे प्रशिक्षणवर्गात सांगणे सोपे असते. पण दुसऱ्या दिवशी तिच्या कामाचा गोपनीय अहवाल त्याच उतरंडीतून लिहिला जाणार असेल, तर त्या सूचनेला फारसा अर्थ उरत नाही.

तपासणी सूचीचा धडा

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेली शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी सूची या संदर्भात उद्बोधक आहे. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर संघाने थांबावयाचे असते. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगावयाची असते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूचीच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मात्र २०१४ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात सूची लागू केल्यानंतर मृत्युदरात वा गुंतागुंतीत लक्षणीय घट आढळली नाही.

या विसंगतीची अनेक स्पष्टीकरणे दिली गेली आहेत. त्यांपैकी एक येथे महत्त्वाचे आहे : सूची भरणे आणि सूचीमुळे थांबणे या दोन भिन्न क्रिया आहेत. कागदावर खूण करण्याचे काम कनिष्ठ सदस्याकडे सोपवता येते. शस्त्रक्रिया थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला आहे काय, हे त्या खुणेवरून कळत नाही.

जामखेड : क्रम उलटा करणारा प्रयोग

व्यवस्थापनशास्त्रात हा शब्द रूढ होण्यापूर्वीच महाराष्ट्रात त्याची कसोटी घेतली गेली होती. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवून पाहिली गेली. परंतु बाहेरून आलेली परिचारिका गावाला आपली वाटेना. त्यानंतर गावातीलच स्त्रियांची ग्राम आरोग्य कार्यकर्ती म्हणून निवड झाली. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. बाळंतपण, कुपोषण, अतिसार, क्षय, कुष्ठरोग यांविषयीचे ज्ञान त्यांना जामखेडच्या नियमित प्रशिक्षणातून मिळाले.

या प्रकल्पाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात झाली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र जामखेडचे मूल्यमापन बहुधा आरोग्यनिर्देशांकांपुरते होते. नेतृत्वाच्या दृष्टीने पाहिले असता वेगळी गोष्ट दिसते. येथे फिरते आरोग्यपथक व रुग्णालय हे कार्यकर्तीच्या साहाय्यास होते. कार्यकर्ती त्यांची मदतनीस नव्हती. शिवाय शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्यामुळे तिच्या शब्दाला गावात आधार मिळाला. निर्णयाचा अधिकार वाटताना त्याला सामाजिक पाठबळही द्यावे लागते, हे जामखेडने दाखवले.

गडचिरोली ते राष्ट्रीय कार्यक्रम

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा गडचिरोलीतील घरपोच नवजात बालसेवेचा प्रयोग याच प्रश्नाला अधिक धार देतो. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या क्षेत्रीय अभ्यासात ३९ गावांत सेवा दिली गेली व ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या संदर्भात नवजात मृत्युदर ६२.२ टक्क्यांनी घटला. अल्पशिक्षित आरोग्यदूत स्त्री जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून, पालकांच्या संमतीने, जेंटामायसिनचे इंजेक्शन देत होती. म्हणजे निदान व उपचार हा वैद्यकाचा राखीव प्रांत तिच्यासाठी खुला झाला होता.

२०११ पासून ही सेवा आशांमार्फत देशभर नेण्यात आली. आशांकडे गृहभेटी, बाळाचे वजन, तापमान व नोंदी ही कामे आली. इंजेक्शनबाबतच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र, संदर्भसेवा शक्य नसल्यास ते देण्याची मुभा आरोग्यसेविकेस, म्हणजे एएनएमला, देण्यात आली. या सावधगिरीमागे कारणे आहेत. गडचिरोलीतील काटेकोर पर्यवेक्षण देशभर पुरवणे कठीण आहे आणि प्रतिजैविकांच्या गैरवापराचा धोकाही खरा आहे. तरीही प्रयोग विस्तारताना काम खाली आले आणि निर्णय एक पायरी वर सरकला, हे नाकारता येत नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना ज्या पुरस्काराने गौरवले, त्याचे नावच जागतिक आरोग्य नेतृत्वाशी निगडित आहे. शासकीय चौकटीत मात्र आशा ही कर्मचारी नसून कामानुसार मोबदला मिळणारी स्वयंसेविका मानली जाते. गौरवात नेता आणि दप्तरात स्वयंसेविका, ही विसंगती सामायिक नेतृत्वाच्या भाषेने झाकली जाते.

एक आक्षेप

आणीबाणीच्या प्रसंगी एकाच व्यक्तीचा आदेश चालला पाहिजे. सर्वांचे नेतृत्व म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, असा आक्षेप घेतला जातो. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाभोवती चर्चा करता येत नाही, हे खरेच आहे. परंतु अशा वेळी आदेश कोणी द्यावा, हे आधी एकत्र ठरवता येते आणि नंतर त्याचा आढावाही एकत्र घेता येतो. खरा धोका उलट दिशेचा आहे. अधिकार न देता जबाबदारी वाटली गेली, तर चुकीचा दोष सर्वांत खालच्या पायरीवर येतो आणि यशाचे श्रेय वर जाते.

निष्कर्ष

आरोग्यसंघात नेतृत्व सामायिक आहे की नाही, हे बैठकांच्या संख्येवरून वा घोषवाक्यांवरून ठरवणे उचित नाही. संघातील सर्वांत कनिष्ठ सदस्य चालू काम थांबवू शकतो काय, त्याने केलेल्या निदानावर पुढची पायरी कृती करते काय आणि तसे केल्याबद्दल त्याला संरक्षण व योग्य वेतन मिळते काय, हे निकष अधिक विश्वसनीय आहेत. जामखेड व गडचिरोली येथील यश प्रशिक्षणाचे होते, तसेच ते विश्वासपूर्वक सोडलेल्या अधिकाराचेही होते. वैद्यकीय, परिचर्या व समाजकार्य महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत संघकार्य हा विषय शिकवताना संवादकौशल्यांबरोबर अधिकाराच्या या प्रश्नालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.