‘सप्तरंगी’ की ‘लोलकी’?

इंग्रजीतील ‘प्रिझ्मॅटिक’ या विशेषणासाठी आमचे लेखक बेधडक ‘सप्तरंगी’ लिहितात, हे आम्हांस मान्य नाही. मूळ ग्रीक ‘प्रिझ्मा’ म्हणजे करवतीने कापलेली वस्तू. तीत रंगाचा गंधही नाही. युक्लिडने तो शब्द घनाकृतीस लाविला, पुढे तो तिपैलू काचेस लागला. त्या काचेतले रंग काचेचे नव्हेत, उन्हाचेच, हे न्यूटनने १६७२ साली मांडिले. सातांचा आकडा तर त्याने संगीताच्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून धरिला! सप्तरंगी लुगडे रंगारी रंगवितो. काच मात्र शुभ्र उन्हातले रंग निवडून वेगळे करते. हा अर्थ ‘सप्तरंगी’त कोठे आहे?

मराठीने त्या काचेस ‘लोलक’ म्हटले. लोलक म्हणजे लोंबणारा, डुलणारा: कानातला, झुंबराचा, घंटेचाही. वरसावे येथे वसईच्या खाडीवर श्रावणात इंद्रधनुष्य उमटते, तेव्हा थेंबाथेंबाचा लोलक होतो. आणि पलीकडील वसईच्या ज्या घंटा १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांच्या देवळांत गेल्या, त्यांतही लोलकच वाजतो. इतका घरचा शब्द हाती असता उसनवारी कशाला? आम्ही तरी यापुढे ‘लोलकी’ असेच लिहिणार.